टाळू भरली नाही म्हणून

लहान मुलांच्या मेंदूच्या शस्त्रक्रिया मी आयुष्यभर केल्या. निवृत्तीनंतर लोक बागकाम करतात, मी साक्षी देतो. डॉक्टरवर हलगर्जीपणाचा दावा लागला की ग्राहक आयोग मला कागदपत्रं पाठवतो, ती वाचून माझं मत मी शपथेवर सांगतो. बायको गेल्यापासून कोपर स्टेशनजवळच्या घरात माझ्याशी बोलायला कोणी नाही. ठाण्याला आयोगापुढे निदान वकील तरी उलटसुलट प्रश्न विचारतात. तेवढाच शेजार.

या कामात मित्र राहत नाहीत. एकदा एका डॉक्टरविरुद्ध मत दिलं, तर आमच्या संघटनेच्या स्नेहभोजनात माझ्या टेबलावरच्या खुर्च्या रिकाम्याच राहिल्या. मी मुळात तिरसट. श्रीखंड दोनदा वाढून घेतलं आणि मुद्दाम शेवटपर्यंत बसलो. चव कळली नाही ती गोष्ट वेगळी.

त्यानंतरची केस आंबिवलीच्या एका तान्ह्या मुलीची. डोक्यात पाणी साठायचं, म्हणून ते पोटात उतरवणारी नळी बसवलेली होती. काही महिने बरे गेले आणि मग नळी आतून तुंबली. कल्याणच्या डॉक्टरनं त्याच दिवशी ती बदलली, तरी मुलगी शुद्धीवर आली नाही. डॉक्टरनं उशीर केला, असं आईवडिलांचं म्हणणं. मी सगळे कागद वाचले, स्कॅन पुन्हापुन्हा पाहिले. उशीर झाला नव्हता. साक्षीत तसं सांगितलं आणि यथावकाश तक्रार फेटाळली गेली. लगेच ते स्नेहभोजनवाले फोन करू लागले, "शेवटी तू आपलाच माणूस निघालास!" मी म्हटलं, "मी कोणाचाच नाही," आणि फोन आपटला. आपटल्यावर वाटलं, अजून थोडं बोलायला काय हरकत होती.

आठवड्यातून एकदा मी डोंबिवलीत एका ओळखीच्या दवाखान्यात मुलं तपासतो. तिथे एक तरुण बाई नंबर लावून आत आली. बरोबर मूल नव्हतं.

"पेशंट कुठे?" मी जरा खेकसलोच.

"पेशंट गेली ना, सर. तुम्हीच साक्ष दिलेली."

आता शिव्या बसणार, असं वाटलं. बसू देत, म्हटलं. पण ती खुर्चीच्या कडेला टेकली.

"भांडायला नाही आली मी. तुम्ही सांगितलं, डॉक्टरची चूक नाही. आमच्या घरात त्याचा अर्थ काय काढला माहितीये? म्हणजे माझी चूक. सासू बोलते, टाळू भरली नाहीस म्हणून पोरीच्या डोक्यात पाणी झालं. मी नव्हते भरत, सर. डॉक्टरच बोललेले, डोक्याला तेल नको. नवरा ऐकून घेतो, एक शब्द काढत नाही. तुम्ही घरी येऊन सांगा ना. तिकडे सांगितलं तसंच."

तान्ह्या बाळाच्या टाळूवर रोज तेल जिरवलं की तो मऊ खळगा भरून येतो, असं आपल्याकडे घरोघरी मानतात. हाडं आपसूक जुळतात, श्रेय तेल घेतं. पण तेल न लावल्याची शिक्षा म्हणून एखाद्या आईला जन्मभर लेकीच्या मरणाचं धनी करावं, याचा मला संताप आला. साक्षीदारानं पक्षकाराच्या घरी जाणं बरं दिसत नाही, हे मला कळत होतं. पण केस संपली होती, आणि मलाही कोणी घरी ये म्हटल्याला जमाना झाला होता.

आंबिवलीला तिच्या चाळीत गेलो तेव्हा नवरा कामावर होता. सासू खाटेवर बसली होती. माझ्यापुढे पाणी ठेवून सून भिंतीशी उभी राहिली. मी घसा साफ करून थेट मुद्द्यावर आलो. "आजी, हा आजार जन्मतःच आलेला. तेल न लावल्यानं तो झाला नाही आणि लावून तो गेला नसता. हिची काही चूक नाही."

म्हातारीनं पदराचं टोक बोटाला गुंडाळलं. "तेल लावल्यानं काही वाईट होतं का, साहेब?"

"नाही."

"आणि दाबल्यानं?"

"कोणी दाबली?" मी विचारलं. उलटतपासणीची सवय अंगवळणी पडलेली.

"ही कामावर गेली का मी रोज भरायचे. हिच्या चोरून. त्या दिवशी टाळू वर आलेली, टणक लागली. आत बसंल म्हणून मी बोटानं दाबली. बसेना, तशी घाबरले नि हिला फोन केला." तिनं ते बोट माझ्यापुढे धरलं. "साहेब, माझ्या हातानं तर नाही ना गेली पोर?"

म्हणजे टाळू रोज भरली जात होती. आपल्या बोटाची भीती सहन होईना म्हणून म्हातारी सुनेला बोल लावत होती.

"नाही," मी म्हणालो. "नळी आतून तुंबलेली, म्हणूनच टाळू वर आली. बोटानं असं काही होत नाही. उलट तुम्ही फोन केलात म्हणून पोर डॉक्टरकडे वेळेत पोचली."

"शप्पथ?"

"शप्पथ."

सून भडकेल असं मला वाटलं. तो हक्क होता तिचा. ती म्हणालीही, "मग मला का बोलत होतात, आई?" पण मग ती खाटेपाशी खाली बसली.

"तेल लावताना रडायची का हो ती?"

"नाही गं. हसायची. गुदगुल्या व्हायच्या तिला."

"मला कधी सांगितलं नाहीत."

"कसं सांगणार होते?"

दोघी एकमेकींना धरून रडायला लागल्या. मी आहे हे त्या विसरून गेल्या होत्या. मी पाणी प्यायलो, चपला घातल्या आणि दार ओढून घेतलं. आतून रडणं ऐकू येत होतं आणि मला त्यांचा हेवा वाटत होता. पोर गेलेल्या घराचा हेवा वाटावा, इतका मी एकटा पडलो आहे.