नटावरची पांढरी रेघ

नवा क्लच बसवून आणलेली गाडी पाचव्या दिवशी रेल्वेच्या पुलावर चढेना. इंजिन नुसतं बोंबलत होतं. अ‍ॅक्सिलरेटर दाबला की आवाज वाढायचा, गाडी मात्र जागची हलायची नाही, आणि मग तर ती हळूहळू मागेच यायला लागली. मागे सिटी बस, तिच्या मागे हॉर्नचा नुसता कल्ला. मागच्या सीटवर माझी पाच वर्षांची नात, मांडीवर पाण्याची बाटली घेऊन. काहीतरी करपल्याचा वास आला. हँडब्रेक ओढला खरा, पण हात घामाने इतके ओले झाले होते की तो सुटेल असंच वाटत राहिलं.

नात म्हणाली, “आजी, आपण उलटं का जातोय?”

“गप्प बस गं बाई!” मी ओरडले. त्या पोरीवर मी कधी आवाज चढवला नव्हता. बसचा ड्रायव्हर खाली उतरून आला. काचेतून त्याने आधी मला पाहिलं, मग पोरीला, आणि चार माणसं गोळा करून गाडी वरपर्यंत ढकलून दिली. उतारावर ती आपोआप गेली. नातीला शाळेच्या फाटकात सोडलं आणि स्टिअरिंगवर डोकं टेकून मी रडले.

मी गाडी शिकले ती पंचावन्नाव्या वर्षी, तीही हट्टाने. दोन वर्षांपूर्वीपर्यंत गाडी आमचे हे चालवायचे. एक दिवस बाहेरून आले आणि किल्ली माझ्या हातात देऊन म्हणाले, “आता तूच चालव.” मी कारण विचारलं नाही. म्हटलं, मोतीबिंदू असेल, पुरुषाची जात, सांगायला लाज वाटत असेल. तेव्हा विचारायला हवं होतं.

मुलगी आणि जावई शहराच्या दुसऱ्या टोकाला, कुकटपल्लीला राहतात, दोघंही कंप्युटरवाले, सकाळी जातात ते दिवेलागणीनंतर येतात. म्हणून सोमवार ते शुक्रवार नात आमच्याकडे तारनाक्याला, आणि तिला शाळेत सोडणं-आणणं माझ्याकडे. पुलावरचं मी मुलीला सांगितलं नाही. सांगितलं असतं तर ती म्हणाली असती, कॅब करत जा. मला नको होती ती कॅब. पण खरं सांगते, त्या दिवसापासून पूल दिसला की मी लांबूनच पहिल्या गिअरवर यायची. पोरीला काही झालं तर मी कुणाला तोंड दाखवणार होते?

त्याच दुपारी मी गाडी गौलीगुड्याला नेली. ते माझं माहेर. तिथल्या गल्लीत एक म्हातारा मेकॅनिक आहे, सगळे त्याला उस्ताद म्हणतात. आमची गाडी पहिल्यापासून त्याच्याकडे, क्लचही त्यानेच बदलला होता. मी उतरले ती भांडतच उतरले. “नवा क्लच म्हणे! पाच दिवस नाही टिकला! माझी नात होती गाडीत, काही झालं असतं म्हणजे?”

उस्तादने शांतपणे पेडल हाताने दाबून पाहिलं. नव्या क्लचचं पेडल थोडं मोकळं खाली जायला हवं आणि मग जड लागायला हवं. त्या मोकळ्या जागेला हे लोक ‘प्ले’ म्हणतात. तो प्ले राहिला नाही, की क्लच नीट पकड घेत नाही, घसरतो, आणि नवी प्लेटसुद्धा जळायला लागते.

“अम्मा, प्ले पूरा गायब है,” तो म्हणाला. मग माझ्या चपलांकडे बघून हळूच, “पाँव क्लच पे-च रखके चलाते क्या?”

नाचता येईना अंगण वाकडं, असंच त्याला म्हणायचं होतं, फक्त अदबीत. मला असा संताप आला! मी काय काल शिकलेय? मी त्याला शेजारी बसवून चार गल्ल्या फिरवल्या, गिअर बदलला की पाय खाली चटईवर आपटून दाखवला. तो मान हलवत राहिला. मग बॉनेट उघडून त्याने क्लचच्या केबलच्या टोकाचा एक छोटा नट दहा नंबरच्या पान्याने सैल केला, तसा प्ले परत आला आणि पेडल पुन्हा लोण्यासारखं झालं.

घरी आले तर हे दारातच उभे. “काय म्हणाला?”

“म्हणतो, माझाच पाय वाईट.”

हे हसले. “नव्या कामाला बघावं लागतं गं. मी बघतो रोज.” चाळीस वर्षं रेल्वेच्या डिझेल शेडमध्ये फिटर होते हे. निवृत्त झाल्यापासून रोज सकाळी ओल्या फडक्याने गाडी पुसतात. इंजिन शेडमधून बाहेर काढण्याआधी जसं पुसायचे, तपासायचे, तसंच. मला त्यात काही वावगं वाटलं नाही. उलट बरं वाटलं की घरात जाणकार माणूस आहे.

आठवडा गेला नाही तोच पेडलचा प्ले पुन्हा गायब. या वेळी मी पुलापर्यंत गेलेच नाही. नातीला रिक्षात घालून शाळेत नेलं आणि गाडी तशीच रखडत गौलीगुड्याला. उस्तादने आता गिअरबॉक्स उतरवून सगळं खोललं. प्लेट बरोबर मापाची होती, उलटी बसवली नव्हती, तिच्यावर तेल उडालेलं नव्हतं. केबल नवी, पेडलची स्प्रिंग ठीक, पेडलखालची चटईसुद्धा त्याने काढून बघितली. काही म्हणजे काही सापडेना. दोन दिवस गाडी त्याच्याकडे उभी राहिली आणि दोन्ही दिवस तिने त्याला काही त्रास दिला नाही. घरी आणली, की चार दिवसांत पुन्हा तेच.

मला आता भीती वाटायला लागली ती निराळीच. बिघाड असता तर तो गौलीगुड्यातही दिसला असता. घरीच का होतो? नजर लागली का कुणाची? मी गाडीवरून मीठ-मोहऱ्या उतरवून टाकल्या, हसा हवं तर. शिकलेल्या मुलीची आई मी, पण भीतीला शिक्षण नसतं.

तिसऱ्या खेपेला उस्तादने नट बसवला आणि एका काडीने पांढरा रंग घेऊन नटावरून खालच्या पट्टीपर्यंत एक सरळ रेघ ओढली. “अब देखो अम्मा. नट खुद चलके नै आता. लकीर टूटी, तो समझना कोई फिरारा.”

“कोण फिरवणार हो?”

“वो आप देखो.”

घरी येईपर्यंत माझ्या डोक्यात नाही नाही ते. वॉचमनचं आणि माझं पार्किंगवरून वाजलं होतं. वरच्या मजल्यावरचा तो कुत्रेवाला तर माझ्यावर डूख धरूनच आहे. पण माणूस इतक्या थराला जाईल? गाडीत लेकरू बसतं हे सगळ्या बिल्डिंगला माहीत आहे. ह्यांना मी रेघेचं काही बोलले नाही, उगाच काळजी करत बसतील म्हणून.

दुसऱ्या दिवशी दुपारी एकटीच खाली जाऊन बॉनेट उघडलं. रेघ तुटली होती. नटावरचा तुकडा खालच्या तुकड्याच्या बरोबर विरुद्ध बाजूला. कुणीतरी माझ्या नातीच्या जिवावर उठलंय, हाच एक विचार. मी वॉचमनला जाऊन हवं तसं बोलले. बिचारा शपथा घेत होता. आज त्याच्याकडे बघायची मला लाज वाटते.

त्याच्या पुढच्या दिवशी शाळेला सुट्टी होती. मी स्वयंपाकघराच्या खिडकीत उभी राहिले, तिथून गाडी दिसते. सकाळचे सात वाजले असतील. हे खाली गेले, गाडी पुसली, काचा पुसल्या. मग बॉनेट उघडलं, लेंग्याच्या खिशातून पाना काढला, वाकले, नट फिरवला. बॉनेट लावलं, वर आले, हात धुतले.

आपलाच माणूस. आपलेच दात आणि आपलेच ओठ, कुणाला काय म्हणायचं? राग तर असा आला होता की हातातला चहाचा कप आपटावासा वाटला. “अहो, खाली काय करत होता?”

“नट बघितला. अर्धा आटा आवळला.” सहज म्हणाले. “शेडचा नियम आहे आमच्या. नव्या कामाचे नट बसतात, ढिले होतात. पहिले आठ दिवस रोज बघायचं, अर्धा आटा द्यायचा. तू पुलावरून जातेस, पोरगी असते बरोबर. मला इथे चैन पडत नाही तुम्ही येईपर्यंत.”

“अहो, पण आठ दिवस कधीच झाले, तीन आठवडे होत आले!”

“छे, परवाच तर बसवला नवा क्लच.”

त्यांनी चहा घेतला, पेपर चाळला. मग उठले, चपला घातल्या आणि म्हणाले, “अगं, जरा गाडी बघून येतो. नवं काम आहे.”

मी खिडकीत गेले. बॉनेट उघडलं, पाना, अर्धा आटा. जेवायच्या आधी आणखी एकदा. प्रत्येक वेळी ते तेवढ्याच मन लावून वाकायचे, कारण प्रत्येक वेळ त्यांच्यासाठी पहिलीच होती. गाडीचा बिघाड मला सापडला होता, आणि तो सापडायला नको होता असं वाटत होतं. मी ओट्याला धरून खाली बसले. पुलावर मागे येणारी गाडी परवडली, तिला हँडब्रेक तरी असतो.

त्या संध्याकाळी मुलीला बोलावून घेतलं आणि सगळं सांगितलं, पुलावरचंही. ती ओरडली नाही. नुसती माझा हात धरून बसली. मग डॉक्टर झाले, तपासण्या झाल्या. आजाराचं नाव मी इथे लिहीत नाही. ते कळलं तेव्हा दोन वर्षांपूर्वी हातात ठेवलेली किल्ली आठवली. त्यांना तेव्हाच काहीतरी जाणवलं असणार. सांगितलं नाही एवढंच.

पाना काढून घे, मुलगी म्हणाली. मला ते होईना. उस्तादला सांगितलं तर त्याने आधी बॉनेट उघडलं. मग त्याने खऱ्या नटावर दुसरा नट चढवून त्याच्यावर पत्र्याचं झाकण ठोकलं, आणि शेजारी एक लांब बोल्ट बसवला, कशालाच न धरणारा. त्यावर पिवळ्या रंगाचा नट. “साबसे बोलो, नट अब ये है,” म्हणाला आणि तोंड फिरवून हात पुसत बसला.

मग रोज सकाळी पिवळ्या नटाला अर्धा आटा. ते आवळत आवळत खाली न्यायचे आणि दर रविवारी, ते आंघोळीला गेले की मी तो परत वर आणून ठेवायची. गाडी उत्तम चालत होती. मी आणि नात गाडीत बसलो की ते बॉनेटवर थाप मारून म्हणायचे, “जा आता निर्धास्त.” निर्धास्त कसली! मी पूल चढताना आरशात नातीकडे बघायची आणि मनात घरी एकट्या राहिलेल्या माणसाकडे.

गेल्या सोमवारी ते खाली आलेच नाहीत. गाडी धुळीने भरलेली. नात आत बसायला तयार होईना, “आजोबांनी अजून बघितली नाही.” मी वर गेले. हे बाल्कनीत उभे होते, हातात पाना. मी हात धरून खाली आणलं, बॉनेट उघडलं, पाना त्या पिवळ्या नटावर टेकवून दिला.

“अर्धा आटा द्यायचाय,” मी म्हटलं.

ते नटाकडे बघत राहिले. ज्या हातांनी चाळीस वर्षं इंजिनांचे नट आवळले, ते हात पान्यावर तसेच थांबले. मग अगदी हळू आवाजात, नातीला ऐकू जाऊ नये असं त्यांनी विचारलं, “कुठल्या बाजूला गं?”

मी त्यांच्या हातावर माझा हात ठेवला आणि दोघांनी मिळून नट फिरवला. नात आत जाऊन बसली. त्यांनी बॉनेटवर थाप मारली नाही, म्हणून मीच मारली.