विलास आणि झाकणाचा स्विच

त्या सकाळी मी विलासवर भयंकर चिडलो होतो. कारंजा रस्त्यावरच्या आमच्या दालमिलचा एलिव्हेटर, म्हणजे तूर वरच्या चाळणीपर्यंत नेणारा बादल्यांचा पट्टा, सारखा आपोआप बंद पडत होता आणि हा माणूस फोन उचलत नव्हता. यात नवीन काही नव्हतं, ती त्याची जुनी खोड. काय काय सुनावायचं ते मी मनात जुळवूनही ठेवलं होतं. शेवटी फोन उचलला तो त्याच्या मेहुण्यानं. "भाऊजी गेले पहाटं. कामरगावले त्याहिच्या घरीच आहो आमी," एवढंच तो म्हणाला... जुळवलेलं सगळं मनातच राहिलं. आता काही आठवडे उलटले, तरी ते तिथंच आहे.

आयटीआयला आम्ही एका बाकावर होतो. पुढे मी मिलचा व्यवस्थापक झालो आणि तो तिथलाच पीएलसी सांभाळू लागला. पीएलसी म्हणजे मिल चालवणारा छोटा संगणक. स्विच आणि सेन्सरच्या तारा त्याच्याकडे खबर आणतात, ती बघून तो मोटारी चालवतो, थांबवतो. खबर पोचली की त्या तारेचा बारीक हिरवा दिवा त्याच्या कार्डावर लागतो. काही बिघडलं की शेठजींपासून सगळे म्हणायचे, कार्ड गेलं, बदला. विलास म्हणायचा, "कार्डानं काय घोडं मारलं तुमचं?" आणि मीटर काढायच्या आधी चहा मागायचा. दारात ट्रक उभे, हमाल बसून, आणि हा दिव्यांकडे बघत बशीत चहा ओततोय. माझ्या तोंडून 'बहुतेक' हा शब्द निघाला की पुढचं ऐकूनच घ्यायचा नाही. फोनवर तर नुसता छळ. मिल का थांबली हे मी विचारायचं आणि उत्तराऐवजी प्रश्न त्यानं करायचे. एकदा पोहरादेवीच्या यात्रेत त्याची मोटारसायकल अडकली, तर तिथल्या गर्दीतून ओरडून ओरडून त्यानं माझ्याकडून मीटर लावून घेतला. आउटपुटचा, म्हणजे मोटारीला हुकूम सुटल्याचा दिवा लागत होता, पण त्याच्या टर्मिनलवर वीज येत नव्हती. म्हणजे त्या खेपेला खरंच कार्डातला, वीज पुढे सोडणारा रिले जळाला होता. मी तेच तर सकाळपासून सांगत होतो, असं म्हणालो. तर म्हणे, "मघा तू नुसता म्हणून राह्यला होता. आता तुले माहीत झालं."

पण एक दिवस असा आहे की त्याच्यावर धड रागावताही येत नाही. ऐन तुरीच्या हंगामात एलिव्हेटर थांबू लागला. त्याच्या बुडाशी एक झाकण आहे आणि झाकणाला स्विच. ते उघडलं की स्विचची खबर तुटते आणि पट्टा फिरत नाही. इथे झाकण बंद असतानाही दिवा विझायचा. विलासचं न ऐकता शेठजींनी अकोल्याहून नवं कार्ड आणवलं, बसवलं, तरी तेच. मग विलास ती वायर हातानं चाचपत निघाला. थरथरत्या चाळणीजवळ तिच्यातली तार आतल्या आत तुटली होती, वरचं कव्हर मात्र शाबूत. ती बदलायला त्यानं स्विचपाशी वायर सोडली. पट्टा थांबलेलाच आहे तर अडकलेली तूर काढावी म्हणून रामधन हमालानं झाकण उघडलं. विलास त्याला म्हणाला की काढ बिनधास्त, वायरच सोडली आहे, सुरू होणार नाही.

इकडे शेठजींचा धीर संपला होता. त्यांनी दुसऱ्या इलेक्ट्रिशियनला बोलावून तो स्विच पॅनेलात, कार्डाच्या पेटीतच, शॉर्ट करून घेतला, म्हणजे तारेचा तुकडा टाकून झाकण कायमचं 'बंद' दाखवलं. माझ्या स्क्रीनवर सगळं ठीक दिसत होतं. शेठजी म्हणाले, चालू करा. माझं बोट बटणावर गेलं आणि स्क्रीन काळी झाली. दिवा विझला ना, हे बघायला पॅनेलपाशी आलेल्या विलासला तो लागलेला दिसला होता आणि त्यानं मेन स्विच खाली ओढला होता. मी त्याच्या अंगावर धावून गेलो. तो पांढराफटक पडला होता. "जा, पाह्यून ये," एवढंच म्हणाला. मी गेलो. रामधन खांद्यापर्यंत हात आत घालून निवांत तूर उपसत होता...

आभार मानायचं कुणाला सुचलं नाही. शेठजी ट्रक खोळंबल्याबद्दल बोलत राहिले. तेव्हा विलासनं नोकरी सोडली आणि मोटारसायकलवर मीटर बांधून मानोरा-कारंजाकडच्या मिली करू लागला. आमच्याकडेही यायचा, उशिरा आणि कुरकुरत. अलीकडे एलिव्हेटरचा जिना चढताना मधेच बसायचा. मी म्हणायचो, अकोल्याला जाऊन छाती दाखव. तो म्हणायचा ॲसिडिटी आहे, हंगाम जाऊ दे. साध्या स्विचबद्दल कुणाचा अंदाज न मानणारा हा गाढव स्वतःच्या छातीचं अंदाजानं सांगत होता, आणि मी ते ऐकून घेत होतो. त्याची बायको, संगीतावहिनी, परवा म्हणाल्या, "मी बोलून बोलून थकली, भाऊ. त्याहिनं कधी आयकलं कोणाचं?"

तो गेला त्या दिवशीचा बिघाड नंतर दुसऱ्या एकानं बघितला. आल्या आल्या कार्ड बदललं. एलिव्हेटर अजून अधूनमधून थांबतोच.

मागच्या आठवड्यात गंजलेलं पॅनेल रंगवायला पेंटर आला. त्यानं दार उघडलं तर आतल्या बाजूला विलासचं अक्षर. नोकरी सोडतानाच त्यानं ते ऑइल पेंटनं लिहिलं होतं आणि शेठजींनी कितीदा सांगूनही कुणी पुसलं नव्हतं. 'हा स्विच ज्याले शॉर्ट करायचा असन, त्यानं पयले आपला हात एलिव्हेटरात घालावा.' पेंटरनं वाचलं, हसला आणि विचारलं, यावरून ब्रश फिरवू का?

"कायले?" मी उगाचच त्याच्यावर डाफरलो. "बाहेरून रंगव. आतलं राहू दे."