टाकीतली आणि कोपऱ्यातली

ग्लास हातात आला की काकू आधी डोळे मिटायच्या. आपण काही विचारायला गेलो तर दुसरा हात वर करून म्हणायच्या, "थांबा. आधी तिला बोलू द्या." ती म्हणजे वाइन. जांभळाची.

मराठवाड्यातल्या सेनगाव तालुक्यात, गोरेगावच्या अलीकडे त्यांचं शेत. ओढ्याच्या काठाने सासऱ्यांनी लावलेली जांभळं. दर हंगामात निम्मं फळ मातीत जायचं, ते त्यांना बघवेना. मुलं मार्गी लागल्यावर काकू वाइन करायला शिकून आल्या, रीतसर परवाना काढला आणि शेतातल्या शेडमध्ये टाक्या बसवल्या. मी हट्टा गावचा, रसायनशास्त्र शिकलेला. त्यांच्याकडे कामाला होतो, तपासणीपासून बाटल्या भरण्यापर्यंत सगळं करायचो. गोरेगावात जीपमध्ये बसलो की कुणीतरी विचारायचंच, "दारूवाल्या बाईकडं निघाले का?" हे काकूंना सांगितलं तेव्हा डोक्यावरचा पदर सारखा करत त्या म्हणाल्या, "व्हय म्हणायचं. अन् जांभळाची, हे बी सांगायचं."

एका वर्षी टाक्या भरून थोडा रस उरला. तो काचेच्या मोठ्या बरणीत घालून आम्ही कोपऱ्यात ठेवला आणि कामाच्या गडबडीत विसरलो. पुढे उघडून पाहिला तर वेगळंच काही झालं होतं. टाकीतली वाइन तुरट, शेवटी जीभ धरणारी. ही मऊ होती. लवंगेसारखा वास, आणि घोट गेल्यावरही तोंडातून न जाणारी चव. नंतर आम्ही तीच बरणी, तोच कोपरा, त्याच झाडांची फळं, सगळं करून पाहिलं. ती काही पुन्हा आली नाही. मोजक्याच बाटल्या होत्या. तिला आम्ही 'कोपऱ्यातली' म्हणायचो.

अशात मुंबईहून निरोप आला. वाइनवर लिहिणारे एक नामांकित समीक्षक मराठवाड्यात येणार होते. त्यांची पद्धत अशी, की इतरांच्या दोन बाटल्या ते सोबत आणणार, आपली एक आपण त्यात ठेवायची, तिन्हींवर कापड गुंडाळायचं. कुणाची कोणती, हे चव घेऊन झाल्यावरच सांगायचं. त्यांनी चांगलं लिहिलं की शहरातली हॉटेलं दार ठोठावतात, असा लौकिक होता. आणि आम्हाला त्याची गरज होती. टाक्या भरलेल्या, गिऱ्हाईक तुरळक. काकूंचे धाकटे दीर या कामात भागीदार होते. या हंगामात काही जमलं नाही तर शेडमध्ये हळद ठेवू, असं त्यांनी सांगून टाकलं होतं.

कोणती बाटली ठेवायची, यावर दिरांच्या मनात शंका नव्हती. माझ्याही नव्हती. काकूंनी मात्र दोन्ही बाटल्या टेबलावर ठेवल्या आणि सकाळभर त्यांच्यासमोर बसून राहिल्या. दिरांनी दोनदा समजावलं. शेवटी काकूंनी कोपऱ्यातली उचलून कपाटात ठेवली.

"काहून, वहिनी?" दीर म्हणाले.

"ती पिऊन ते लिहितील. मग नांदेडहून, पुण्याहून कुणी ते वाचून इथवर येईल. त्याला काय देऊ, भाऊजी? टाकीतलीच ना?"

टाकीतल्या बाटलीवर कापड मीच गुंडाळलं, आणि मन लावून गुंडाळलं असं म्हणवत नाही.

समीक्षक आले. बोलणं कमी, घोट लहान. आमच्या ग्लासपाशी थांबून म्हणाले, "स्वच्छ आहे. तुरट आहे. नुसती नको, जेवणाबरोबर चांगली लागेल." कापड काढल्यावर काकूंनी मान डोलावली, ते खरंच होतं. पण दिरांना राहवलं नाही. त्यांनी कपाट उघडून कोपऱ्यातली आणली आणि पाहुण्यांपुढे ओतली. पाहुण्यांनी पहिला घोट घेतला आणि ग्लास पुन्हा पुढे केला. मग म्हणाले, "मी हिच्यावर लिहितो."

काकू म्हणाल्या, "नका लिहू, साहेब. ही आमच्याच्यानं पुन्हा झाली न्हाई. विकतो ते लिहा."

त्यांनी तसंच लिहिलं, चार ओळी, बेताचं कौतुक. दारं काही ठोठावली गेली नाहीत. पण मटणाच्या दोन-चार खानावळींनी वाइन मागवली, मग आणखी काहींनी. जे लिहिलं तेच बाटलीत निघालं, म्हणून ही गिऱ्हाइकं टिकली. शेडमध्ये हळद आली नाही.

गेल्या वर्षी काकू गेल्या. काम आता दीर बघतात, आणि चांगलं बघतात.

काकू आठवल्या की मला समीक्षक येऊन गेल्यानंतरच्या हंगामातली तांड्यावरची संध्याकाळ दिसते. जांभळं वेचणाऱ्या बायांसाठी त्या कोपऱ्यातल्या सगळ्या बाटल्या घेऊन गेल्या होत्या. वाइन स्टीलच्या पेल्यांतून वाटली. एका म्हातारीने घोट घेतला, तोंड वाकडं केलं आणि म्हणाली, "बाई, साखर टाकायची राहिली की."

काकू हसत हसत खालीच बसल्या. मग त्यांनी गूळ मागवला, दगडाने फोडला, आणि जी वाइन जगात पुन्हा होणार नव्हती तिच्यात आपल्या हाताने एक खडा टाकून म्हातारीला बोटाने ढवळून दिली.