श्रीधरची न झालेली रायफल

श्रीधर गेला तेव्हा मी ट्रेनमध्ये होते, आणि इथे ट्रेनमध्ये कोणी फोन उचलत नाही. पर्समध्ये फोन थरथरत होता, त्यावर मीनलचं, म्हणजे त्याच्या बायकोचं नाव दिसत होतं, आणि मी, इतकी वर्षं जपानमध्ये राहून शहाणी झालेली बाई, तो हातात धरून पुढच्या स्टेशनची वाट बघत बसले. शिस्त ना! टोक्योतल्या कोतोहून, आमच्या घरून, योकोहामाला तो होता त्या हॉस्पिटलकडेच तर निघाले होते. उतरले, प्लॅटफॉर्मवर एका कोपऱ्यात उभी राहिले आणि फोन लावला. मीनल म्हणाली, "ताई, आता सावकाश या." माझा धाकटा भाऊ, पंचेचाळिशीतला, आणि त्याच्याकडे जायची घाईच संपली होती. दोन महिने होत आले.

पुण्याहून तो आला सॉफ्टवेअरच्या कॉन्ट्रॅक्टवर, थोड्या दिवसांसाठी म्हणून, आणि राहिलाच. लोक इथे येऊन फोटो काढतात, डोंगर चढतात, गेलाबाजार रामेनची दुकानं तरी धुंडाळतात. याला हवी होती रायफल. तीही साधीसुधी नाही, मोठ्या बोअरची, होक्काइदोतल्या अस्वलांसाठी शिकारी वापरतात तसली, आणि तयार विकतची नव्हे, एकेक भाग निवडून बनवून घेतलेली. नळी कुठल्या कंपनीची, घोडा किती हलका, लाकडी दस्ता त्याच्या खांद्याच्या मापाचा. लोखंडी कामाला हात लावायचा हक्क फक्त परवानाधारक दुकानदाराला. दस्ता मात्र तो स्वतः कोरणार होता. आमच्या आईने जन्मात झुरळ मारलं नाही, सुपलीत घेऊन बाहेर सोडायची, आणि तिच्या पोटी हा! मी विचारलं, अस्वल मारणार आहेस का? तर म्हणे, अस्वलाशी माझं काय भांडण, ताई? दिवसभर मी जे बनवतो ते हातात धरता येत नाही. एक तरी वस्तू अशी हवी, की जिचा प्रत्येक भाग दुसऱ्यात चपखल बसलाय आणि ती माझ्या हातात आहे. मी हात टेकले.

पण नुसती हौस आणि पैसे असून इथे रायफल मिळत नाही. आधी छऱ्यांची बंदूक घ्यायची, ती सलग दहा वर्षं बाळगायची, मग रायफलसाठी अर्ज. मध्ये परवाना रद्द झाला की पुन्हा पहिल्यापासून. त्या पहिल्या बंदुकीसाठीच पोलिसांनी मीनलला विचारलं, शेजाऱ्यांना विचारलं, ऑफिसात त्याच्या वरिष्ठांना विचारलं, मला फोन केला. चिडका आहे का, पितो का, बायकोशी भांडतो का. मी म्हटलं, भांडते ती, हा ऐकून घेतो. पलीकडून हसण्याचा आवाज काही आला नाही. माझ्या लग्नात मुलाची एवढी चौकशी झाली नव्हती! मग भिंतीला बोल्टने आवळलेलं पोलादी कपाट, दरवर्षी पोलिसांची तपासणी, आणि परवान्याच्या प्रत्येक नूतनीकरणाला डॉक्टरांचा दाखला, की या माणसाला फिट येत नाही, हा मध्येच शुद्ध हरपत नाही.

हे सगळं तो आनंदाने करायचा. रविवारी आमच्याकडे जेवायला आला की वरणभात कालवता कालवता दस्त्याची वळणं बोटाने ताटलीवर काढून दाखवायचा. माझा नवरा ऐकता ऐकता पेंगायचा, याला पत्ता नसायचा. मग शेवटची दोनेक वर्षं एक नवीनच सुरू झालं. बोलता बोलता थांबायचा. घास हातात, नजर कुठेतरी, ओठ किंचित हलतायत... आणि मग परत यायचा. काय रे, विचारलं तर म्हणायचा, मनातल्या मनात दस्ता कोरत होतो. लागली समाधी, म्हणून मीनल चिडवायची. इतकं त्याच्या स्वभावाला धरून होतं ते, की कोणाला शंका यावी कशी?

योकोहामाच्या स्टेशनच्या जिन्यावर तो पडला, तेव्हा मी पोचेपर्यंत स्कॅन झालं होतं. मेंदूत गाठ होती. तरुण डॉक्टर होते, फार हळू आवाजात बोलत होते. असं भान जाणं कधीपासून, त्यांनी विचारलं. मीनल म्हणाली, आजच, पहिल्यांदाच. श्रीधर छताकडे बघत जपानीत म्हणाला, दोन वर्षं. मीनलने मान वळवून त्याच्याकडे पाहिलं ते मी विसरणार नाही. मग आधी का नाही आलात, डॉक्टरांनी विचारलं. याचं उत्तर त्याने त्यांना दिलं नाही, मला दिलं, मराठीत.

"ताई, सांगितलं असतं तर परवाना गेला असता गं. आठ वर्षं झाली होती."

म्हणजे त्याला कळलं होतं. काहीतरी बिघडलंय हे कळूनसवरून, दाखल्यासाठी डॉक्टरांसमोर बसून, असलं काही होत नाही असं हसत सांगून तो घरी येत होता. उरलेली दोन वर्षं रेटायची, रायफल हातात आली की मग दाखवू, असा हिशोब. डॉक्टर म्हणाले, तेव्हा आला असतात तर गाठ लहान असती, काढता आली असती कदाचित. कदाचित! हा शब्द घेऊन मी आता जगते. मला श्रीधरचा राग येतो, भयंकर राग येतो, आणि तो काढायला समोर माणूस नाही. एका लाकडाच्या आणि लोखंडाच्या वस्तूसाठी कोणी असं करतं? लोक येतात, म्हणतात, आवडीचं काहीतरी करत गेला. मला त्यांना घराबाहेर काढावंसं वाटतं.

हॉस्पिटलातूनच त्याने बंदूक दुकानदाराकडे सोपवण्याच्या कागदावर सही केली. दहा वर्षं भरायला काही महिनेच होते. सही वाकडी आली. मग माझ्याकडे बघून म्हणाला, "पुन्हा पहिल्यापासून. पंचावन्न म्हणजे काही म्हातारा नाही." मी, जिला आयुष्यात कोणाचं ऐकून घेणं माहीत नाही, म्हटलं, "छे, कुठे म्हातारा." त्याला बरं वाटलं असावं. झोपला.

गेल्या रविवारी मीनलकडे आवराआवर करायला गेले. ती पुण्याला परत चालली आहे. पोलादी कपाट उचलून नेलंय, भिंतीत भोकं राहिली आहेत. अंथरुणांच्या कपाटात, वरच्या फळीवर, जुन्या चादरीत गुंडाळलेली अक्रोडाची जाड फळी निघाली. मला ठाऊकच नव्हती. बंदुकीच्या पहिल्याच वर्षी त्याने नागानोच्या डोंगरातल्या एका लाकूडवाल्याकडून ती ओली आणली होती. एवढं जाड लाकूड घरात वाळायला वर्षं लागतात. ते वाळेपर्यंत परवाना होईल, असा बेत. मीनल सांगत होती, दर थोड्या महिन्यांनी तो वजनकाट्यावर आधी एकटा उभा राहायचा, मग फळी कवेत घेऊन, तान्ह्या मुलाचं वजन करतात तसा. वजन उतरतंय तोवर आत पाणी आहे. उतरायचं थांबलं की फळी कोरायला तयार. जिन्यावर पडायच्या आदल्या आठवड्यात त्याने शेवटचं वजन केलं होतं. आकडा तिच्या लक्षात होता.

दुकानदार फळी घ्यायला तयार आहे, कोणीतरी वापरेल म्हणाला. मीनल म्हणाली, द्यायच्या आधी एकदा बघू. तिच्या कमरेत उसण भरली होती, म्हणून मीच काट्यावर चढले, आधी एकटी, मग तिने फळी माझ्या हातात दिली. चांगली जड होती. मीनलने वाकून आकडा पाहिला, वजाबाकी केली. चार महिन्यांत काही फरक नव्हता.

"ताई, वाळलं की हो हे," ती म्हणाली.

मी तशीच उभी, फळी छातीशी धरून. ती खाली कुठे ठेवायची, हे आम्हा दोघींना सुचेना.