मुनेश्वर सरांनी वेदी अंगणात आणली

सरांनी वेदी अंगणात कशी आणली, ते तुम्ही विसरला असाल. शिकलेली माणसं सगळं वहीत लिहून ठेवतात, आणि मग वही कुठं ठेवली ते विसरतात. मला अक्षर येत नाही, म्हणून मला सगळं डोक्यातच ठेवावं लागतं. सुधाकर मुनेश्वर सरांना पंचाहत्तर वर्षं पूर्ण झाली, त्यांच्या गौरवग्रंथासाठी मीही काही सांगावं असा निरोप आला. मी बोलते आहे, सून मीना लिहिते आहे. तिनं माझ्या बोलण्याला फार इस्त्री केली असेल तर तो दोष तिचा.

सरांची माझी ओळख आर्णीला, सलीमभाईंच्या मोबाइल दुरुस्तीच्या दुकानात झाली. माझा फोन मुका झाला म्हणून गेले होते. मागच्या खोलीतून भिंतीवरचा उजेड दिसत होता.

"आत कोण हाय रे?"

"सर हायेत, चाची. रोमले गेले. येतीन थोड्या वेळानं."

डोकावले, तर सर खुर्चीतच होते आणि समोरच्या भिंतीवर प्रोजेक्टरच्या उजेडात मोडक्या खांबांचं एक देऊळ गरगर फिरत होतं. "या बाई, उभ्या काहून? तुमी पण चला," म्हणाले. मी गेले. तिकीट नाही, धक्काबुक्की नाही, गुडघे दुखले नाहीत. असा प्रवास मला मानवतो.

सरांनी आयुष्यभर शाळेत इतिहास शिकवला, पण देशाबाहेर पाऊल टाकलं नाही. तिकडच्या लोकांनी जुन्या रोमन देवळांच्या अवशेषांचे चौफेर फोटो काढून इंटरनेटवर ठेवले आहेत. सर त्यांतून पायरी पायरीनं हिंडतात, मापं टिपतात आणि पडलेलं देऊळ सलीमभाईंच्या मदतीनं कॉम्प्युटरवर पुन्हा उभं करतात. हे सगळं कशासाठी, तर आपल्याकडच्या माणसालाही ते आत शिरून पाहता यावं म्हणून.

मी दर बाजाराच्या दिवशी जाऊन बसू लागले. प्रत्येक खांबापाशी माहिती लिहिलेली असे. एकदा मी म्हटलं, "सर, तुमचे खांब माझ्याशी बोलत नाहीत." पुढच्या बाजाराला गेले, तर भिंतीतून सरांचाच आवाज आला, "इथं थांबा. आता डावीकडं पाहा. घाई नोका करू." वाचता न येणाऱ्या सगळ्यांसाठी त्यांनी आख्ख्या देवळाला आवाज दिला होता. माझ्यासाठी केलं असं मात्र एकदाही म्हणाले नाहीत.

आता मुख्य गोष्ट. यवतमाळच्या एका प्रदर्शनात सरांचं देऊळ दाखवायचं होतं, त्याला आठ दिवस उरले होते. सहा महिने खपून देऊळ तयार झालेलं, आतल्या चित्राचा फ्लेक्सही छापून आलेला. सरांनी मला आत नेलं. उंच जोतं, समोर पायऱ्या, पुढं खांब, मग अंधारी खोली. खोलीत मूर्ती, आणि मूर्तीपुढं दगडी वेदी. वेदीवर मोठा जाळ.

"सर, ह्या खोलीले खिडकी हाय काय?"

"नाही."

"धुराडं?"

"नाही."

"मंग धूर कुठून जाईन? मी जन्मभर चूल फुकली. ह्या जाळापुढं पुजारी घडीभर टिकणार नाही. देव पण खोकलन."

सलीमभाई हसले. सर हसले नाहीत. फोटोत ती वेदी पायऱ्यांपुढं उघड्यावर दिसत होती. ती आतूनच बाहेर येऊन पडली असणार, असं सरांनी धरलं होतं, कारण आपल्याकडे सगळं देवाच्या पुढ्यात, गाभाऱ्यात. त्यांनी पुस्तकं काढली, दुसऱ्या देवळांचे फोटो पाहिले. तिकडचा मोठा नैवेद्य बाहेर, मोकळ्या आभाळाखालीच जळत असे. वेदी पडली नव्हती. ती जिथली तिथंच होती.

वेदी हलवायची म्हणजे सगळंच हललं: आतला उजेड, काळवंडलेल्या भिंती, माणसांची गर्दी. प्रदर्शनाचे अध्यक्ष दुकानात आले आणि डोक्याला हात लावून बसले.

"सर, फ्लेक्स लागले ना! राहू द्या तसंच. रोमहून कोण येऊन राह्यलं तपासाले?"

"कोणीच नाही," सर म्हणाले. "म्हणूनच बरोबर पाहिजे. इथला माणूस तिकडं जाऊन ताडून पाहणार नाही. आपण जे दाखवू, तेच त्याच्या डोळ्यात जन्मभर राहीन."

"अन् नाही झालं आठ दिवसांत तं?"

"तं मी रिकामी भिंत दाखवीन."

अध्यक्ष चहा न घेताच गेले. सरांनी त्याच दुपारी सहा महिन्यांचं देऊळ आतून पुसायला घेतलं. वीज जाई, ते वहीवर मापं मांडत बसत; वीज आली की पुन्हा कॉम्प्युटर. सलीमभाईंनी दुकानाला अर्धं शटर लावलं. आठव्या दिवशी सकाळी वेदी अंगणात आली आणि धूर सरळ आभाळात गेला.

प्रदर्शनात सरांनी आधी चुकीचं देऊळ दाखवलं, मग बरोबर. म्हणाले, "सहा महिने मी ह्या देवळात जाळ चुकीच्या जागी मांडला होता. चूक माझी. पकडली ह्या ताराबाईंनी." सगळ्या माना माझ्याकडे वळल्या. मी शेजारच्या बाईला म्हटलं, "दुसरी कोणी असन." पण त्या दिवशी घरी येताना मी एस.टी.त ताठ बसले, ते मीनानं पाहिलं आहे.

आता सरांनी एक गोल देऊळ हाती घेतलं आहे. त्याचं निम्मं छप्पर कोणीच पाहिलेलं नाही, तरी ते पुरं करायचंच म्हणतात. सरांचे डोळे शाबूत राहोत, पाठ ताठ राहो, आणि त्यांना इतकं आयुष्य लाभो, की चुकायला आणि सुधारायला दोन्हीला वेळ पुरावा. मी त्यांच्याहून चार वर्षांनी मोठी आहे, म्हणून हा आशीर्वाद मला देता येतो.

सत्काराला पेढ्यांचे डबे पाठवू नका; सर ते लोकांनाच वाटून मोकळे होतात. ज्वारीची भाकर जवसाची चटणी लावून, घट्ट गुंडाळून पाठवा. सरांचा उजवा हात माउसवरून निघत नाही, डाव्या हातानं खाता आलं पाहिजे. आणि सलीमभाईंची वेगळी बांधा.