हळद लावलेला मूतखडा

ज्या दिवशी माझी प्रोस्टेट काढली, त्याच दिवशी आमच्या घरात मला मूतखडा झाला.

म्हणजे ऑपरेशन प्रोस्टेटचंच झालं. तपासणीत गाठ खराब निघाली होती, डॉक्टर म्हणाले, "काका, लवकर सापडलीय, काढून टाकू, सुटाल." मी ऐकून पार गळालो होतो. पण घाबरणं बाजूलाच राहिलं, घरी येताना रिक्षात पहिला प्रश्न काय पडावा? तर लोकांना सांगायचं काय!

"हृदयाचं असतं तर सांगायला बरं वाटलं असतं," मी म्हणालो.

"पुढच्या वेळी हृदयाचं करून घ्या," आमची सौ. सुमन म्हणाली. (बत्तिशी दाखवणं तिला जमत नाही. टोमणा मारतानाही चेहरा सत्यनारायणाच्या पूजेला बसल्यासारखा.)

लोक म्हणजे तसे सगळेच, पण मला खरी धास्ती एकाच माणसाची होती: आमचे व्याही नानासाहेब. सटाण्याकडचे डाळिंबवाले. मुलीच्या लग्नात या गृहस्थाने माझ्यादेखत कांद्याची गोणी एकट्याने पाठीवर घेतली आणि वर मला विचारलं, "इवाई, तुम्ही उचलता का एखादी?" तेव्हापासून आमची जी चुरस लागली ती लागलीच. त्यांना चष्मा नाही, मला आहे. त्यांना गोळी नाही, मला डबा आहे. आणि याच नानासाहेबांनी मागच्या दिवाळीत त्यांच्या गावातल्या एका प्रोस्टेटवाल्याबद्दल फराळ करता करता सांगितलं होतं, "गेला बिचारा कामातून! आता नुसतं माणसाचं सोंग." त्यावर चकली मोडून खाल्ली होती. मीही त्यांच्याबरोबर हसलो होतो.

तर आता आपल्याबद्दल सटाणा तालुक्यात चकली मोडली जाणार, या कल्पनेनेच मला घाम फुटला. शेवटी सुमननेच तोडगा काढला. "मूतखडा सांगू. जागा जवळपासचीच आहे, फार खोटं होत नाही."

आमचा मूतखडा सोसायटीभर पसरला आणि माझ्या लक्षात आलं, की नाशकात मूतखड्यावर औषध माहीत नसलेला माणूस नाही. शेजारचे दिघे, गळ्यात तुळशीची माळ, लसणालासुद्धा न शिवणारा माणूस, तो पेपरात गुंडाळलेली बाटली घेऊन आला आणि दाराकडे बघत कुजबुजला, "बिअर आहे. औषध म्हणून. खड्याचा उरलासुरला चुरा निघून जातो." दुसऱ्या मजल्यावरच्या वहिनींनी जवाचं पाणी पाठवलं. तळमजल्यावरून शहाळी आली. सगळ्यांचा उपदेश एकच: भरपूर प्या आणि भरपूर जा!

आता खरी गोष्ट अशी, की लघवीची नळी काढल्यावर माझं "जाणं" माझ्या हातात राहिलेलं नव्हतं. डॉक्टर हसून म्हणाले होते, "उठताना, खोकताना, हसताना थोडं लीक होईल. खालचे स्नायू आवळायचा व्यायाम करा, काही महिन्यांत सुधारेल." थोडं! गंगापूर धरणातून विसर्ग सोडताना निदान आधी भोंगा वाजवतात. इथे तेवढीही सोय नव्हती. लंगोट सोडून साठ वर्षं झालेला मी, पुन्हा लंगोटात आलो होतो. मेडिकलवाल्याकडून डायपर आणताना सुमन सांगायची, "सासूबाईंसाठी." (माझी आई जाऊन बरीच वर्षं झाली. मेडिकलवाला तिची तब्येत आजही आस्थेने विचारतो.)

अशात नानासाहेबांचा फोन आला. स्पीकर चालू होता.

"इवाई, मूतखडा म्हणे! अहो, मग मला विचारायचं ना! माझा मागच्या साली काढला. लय बेकार दुखणं. खडा ठेवला का?"

"कुठे?" मी बावळटासारखं विचारलं.

"कुठं म्हणजे? बाटलीत! दवाखान्यात देत्यात ना. म्या माझा ठेवलाय, शोकेसमध्ये. रविवारी येतो तुम्हाला बघायला. खडा दाखवा."

आणि मी काही बोलायच्या आत सुमन फोनकडे वाकून म्हणाली, "हो हो, ठेवलाय ना! अगदी जपून!"

फोन बंद झाल्यावर मी कपाळावर हात मारला.

"काय करू? तोंडातून गेलं," ती म्हणाली. "आणि काय हो, त्यांच्या शोकेसमध्ये खडा, आणि आपल्याकडे काहीच नाही, ते काय म्हणतील?"

आजाऱ्याला भेटायला आलेल्या माणसाला चहाबरोबर खडा दाखवायचा, हा आपल्याकडचा शिष्टाचार. लग्नाचा अल्बम एकवेळ नसला तरी चालेल. तेव्हा खडा हवाच होता. सुमनने तूरडाळ निवडायला घेतली. एरवी वरणाच्या प्रत्येक घासाला दाताखाली येणारा खडा त्या दिवशी मिळेना! शेवटी एक सापडला. मोहरीएवढा.

"हा नको," मी म्हणालो. "एवढ्याशासाठी हॉस्पिटलात झोपलो होतो म्हटलं तर हसतील."

"मग त्यांच्यापेक्षा मोठा हवाय का?"

"मोठाच असं नाही. पण लहान नको."

इथे माझी अक्कल शेण खायला गेली. अर्धं आयुष्य ओझरच्या कारखान्यात इन्स्पेक्शनला काढलेला माणूस मी. केसाच्या जाडीएवढी चूक असली तरी भाग परत पाठवायचो, वर कडक शेरा मारायचो. आणि तोच मी सुमनने समोरच्या बांधकामावरून पदरात लपवून आणलेल्या खडीतला एक तुकडा उजेडात धरून म्हणालो, "पास!"

"पण काळा दिसतोय," ती म्हणाली.

"मग थोडी हळद लाव."

हळद लावलेला खडा खोकल्याच्या औषधाच्या रिकाम्या बाटलीत बसवला. बसवला म्हणजे कोंबला. तोंडातून जाईना म्हणून सांडशीने दाबावा लागला. शोकेसमध्ये मुलीच्या लग्नाच्या फोटोशेजारी ठेवल्यावर, खरं सांगतो, मला क्षणभर त्याचा अभिमान वाटला.

रविवारी नानासाहेब आले. एका हातात हुलग्यांची पिशवी, दुसऱ्या हातात मुळाला माती असलेलं पानफुटीचं अख्खं रोप. सोफ्यावरून मी उठलो नाही. (उठलो असतो तर जे झालं असतं ते वर सांगितलंच आहे.) त्यांना वाटलं, फारच अशक्तपणा आलाय.

"बसा, बसा! विहीणबाई, हे हुलगे उकळा आधी. पाणी द्या यांना. तांब्याभर!"

सुमनने माझ्याकडे बघितलं, मी तिच्याकडे. नाही म्हणायला कारण नव्हतं. मूतखडेवाला पाणी नको कसं म्हणेल? तांब्याभर हुलग्याचं पाणी मी घोट घोट करत प्यालो आणि मांड्या आवळून बसलो. नानासाहेब समोर खुर्ची ओढून, मी तांब्या रिकामा केला की दुसरा भरायचा, अशा बेताने लक्ष ठेवून होते. दुसराही भरला.

"आता दाखवा खडा."

सुमनने बाटली आणली. नानासाहेबांनी आधी बंडीच्या खिशातून रुमाल काढला, तो उलगडला, आणि आतून आपली बाटली काढली. होय! माणूस सटाण्याहून एसटीत स्वतःचा मूतखडा घेऊन आला होता, माझ्याशी मापायला! त्यांचा खडा मसुरीएवढा होता. दोन्ही बाटल्या टीपॉयवर शेजारी शेजारी ठेवल्या गेल्या.

नानासाहेबांनी एकदा त्यांच्या बाटलीकडे पाहिलं, एकदा माझ्या. मग खाली वाकून म्हणाले, "आई शप्पथ!"

मी विनयाने मान खाली घातली.

"इवाई, हा बाहेर आला कुठून हो?"

हा विचार आम्ही दोघांनीही केलेला नव्हता.

"दुर्बिणीतून काढला," सुमन घाईने म्हणाली.

"दुर्बीण होती का बोअरवेलचा पाइप होता?" नानासाहेब माझ्याकडे बघत होते, आणि त्यांच्या डोळ्यांत मला आयुष्यात पहिल्यांदा आदर दिसला. "एवढा धोंडा पोटात घेऊन तुम्ही हिंडत होता? आणि म्या तुम्हाला नाजूक समजत होतो!"

इथे गप्प बसायचं. पण जिंकायची सवय नसलेल्या माणसाला जिंकल्यावर कुठे थांबावं ते कळत नाही. "दुखायचा थोडा," मी म्हणालो, "पण मी काही बोललो नाही कोणाला."

झालं! नानासाहेबांनी कौतुकाने बाटली उचलली, बूच काढलं, नाकाशी धरली. "हळदीचा वास कसा येतोय?"

"जंतू लागू नयेत म्हणून," सुमन म्हणाली.

त्यांनी बाटली उलटी करून जोरजोरात ठोकली. खडा तळहातावर पडला. अंगठ्याने त्यांनी तो चोळला, हळद निघाली. पुन्हा चोळला. मग खिडकीपाशी गेले आणि उजेडात उलटसुलट करून पाहिला. अगदी मी कारखान्यात पाहायचो तसा.

"इवाई," ते शांतपणे म्हणाले, "ह्याला तर सिमेंट चिकटलंय."

सुमनने उगाच शोकेसचं दार लावून घेतलं.

"म्या आत्ताच गोठ्याला कोबा केलाय. ही खडी हाय. कोणी काढली पोटातून? गवंड्यानं?"

मला हसू आलं. दाबलं, तर जास्त आलं. डॉक्टरांनी उठणं, खोकणं आणि हसणं यांची सूचना दिली होती, पण दोन तांबे हुलग्याच्या पाण्यावर तिन्ही एकदम करू नका, हे सांगायचं राहून गेलं होतं. मी हसलो, हसता हसता ठसका लागला, ठसक्याने उठून उभा राहिलो, आणि डायपरने हात टेकले. पायजमा, सोफा, खालची सतरंजी. मी उभा, नानासाहेब खडी हातात घेऊन उभे, आणि मध्ये गोदामाई.

मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. ऑपरेशनला रडलो नव्हतो, तेव्हा डोळ्यांत पाणी आलं. (तिथूनही गळती!)

सुमननेच तोंड उघडलं. "मूतखडा नाही, नानासाहेब. प्रोस्टेट काढलीय यांची. गाठ वाईट निघाली होती. आता सगळं निघालंय, रिपोर्ट चांगले आलेत. पण हे असं होतंय अजून. तुम्ही हसाल म्हणून यांनी मला खडी वेचायला लावली. हसायचं तर हसा आता. माझा माणूस वाचला, मला कशाची लाज नाही."

एवढं बोलून ती फडकं आणायला गेली. आता चकली मोडणार, म्हणून मी डोळे मिटले. पण नानासाहेबांनी खडी टीपॉयवर ठेवली, दंडाला धरून मला मोरीपर्यंत नेलं, दोरीवरचा कोरडा पायजमा आणून दिला. परत येऊन बसलो तेव्हा त्यांनी आत ओरडून सांगितलं, "विहीणबाई, चहा टाका! सावकाश टाका!" आणि उठून दार लोटून घेतलं.

"इवाई," ते अगदी कानाशी आले, "तुम्हाला सुरुवातीला... रात्रीचं उठावं लागायचं का?"

"लागायचं."

"आणि गेलं तरी... होतच नाय नीट?"

"नानासाहेब, कधीपासून?"

कांद्याची गोणी उचलणारा तो माणूस लहान मुलासारखा जमिनीकडे बघत होता. "उन्हाळ्यापासून. घरात कोणाला बोललो नाय. त्या आमच्या गाववाल्याला म्याच लय हसलो होतो ना. आता कोणत्या तोंडानं सांगू? भ्या वाटतं हो."

"मलाही वाटत होतं," मी म्हणालो. आमच्या नात्यात इतकं खरं वाक्य त्याआधी कोणी बोललं नव्हतं.

दुसऱ्याच दिवशी मी आणि सुमन त्यांना माझ्या डॉक्टरांकडे घेऊन गेलो. देवाच्या कृपेने त्यांची नुसती वाढ निघाली, वाईट काही नाही. गोळ्यांवर भागलं. आता त्यांच्याकडेही डबा आहे. मला वाटलं, मिटलं प्रकरण. दोघांची झाकली मूठ.

पण नानासाहेबांच्या पोटात भीती राहिली होती तोवरच मूठ झाकलेली होती. भीती गेली, माणूस सुटला! परवा त्यांच्या पुतण्याच्या लग्नाला गेलो. मंगलाष्टकांच्या आधी पाहुण्यांचं स्वागत चाललं होतं. सरपंच झाले, सोसायटीचे चेअरमन झाले, आणि नानासाहेबांनी माइक स्वतःच्या हातात घेतला.

"मंडळी! हे माझे नाशिकचे इवाई. उभे राहा, इवाई! यांची प्रोस्टेट काढलीय. बघा माणूस, कसा ठणठणीत! यांनी मला येळेवर दवाखाना दाखवला. तर ज्यांना ज्यांना रात्रीचं उठावं लागतं, त्यांनी लाजू नका. जेवणं झाल्यावर मांडवाच्या मागं जाऊन यांना भेटा!"

अख्ख्या मांडवाने वळून माझ्याकडे पाहिलं. सुमनने तोंडाला पदर लावला. जी गोष्ट लपवायला मी आपल्या पोटी दगड जन्माला घातला, ती सटाणा तालुक्यात कर्ण्यावरून जाहीर झाली होती. जेवणात माझं लक्ष नव्हतं. हात धुऊन मागच्या बाजूने पळ काढावा म्हणून गेलो, तर तिथे आधीच रांग! पागोटी, टोप्या, एक निवृत्त हेडमास्तर. वर-पक्षाचे दोघे, वधू-पक्षाचे जास्त. एक आजीबाई गुडघा दाखवायलाही बसल्या होत्या.

कारखान्यातल्या माझ्या निरोप समारंभाला मी बोलायला उठलो, तेव्हा लोक वड्यांच्या टेबलाकडे गेले होते. सबंध आयुष्यात मला ऐकायला कोणी रांग लावली नव्हती. मी खुर्ची ओढली, चष्मा पुसला आणि पहिल्या पागोट्याला गंभीर आवाजात विचारलं, "हं, कधीपासून?"

ऊन उतरायला लागलं तशी सुमन शोधत आली. "अहो, चला आता! जीप निघतेय. नवरी गेली सासरी, मांडव सोडायला लागले, तुमचं काय चाललंय इथे?"

"तू हो पुढे," मी तिच्याकडे न बघता म्हणालो, "माझे अजून चार-पाच पेशंट खोळंबलेत!"