मेलेल्या अळ्या मोजायच्या नाहीत

सुमनताई गेल्याचा फोन आला तेव्हा मी बार्शीटाकळीच्या बसमध्ये उभा होतो. फोन त्यांच्या सुनेचा होता. पुढच्या थांब्यावर उतरलो आणि परतीची बस धरली... रस्त्याच्या दोन्ही बाजूंना नुकतं उगवून आलेलं सोयाबीन होतं, आणि मनात पहिला विचार काय यावा? आता फवारणीचं विचारायचं कोणाला! दुःखाच्या आधी स्वार्थ आला. माझी मलाच लाज वाटली.

आमची वावरं, म्हणजे शेतं, लागून. ताई माझ्याहून बारा वर्षांनी मोठ्या, आणि मी मुळातच उतावळा. पानाला भोक दिसलं की पंप पाठीवर. एकदा असाच निघालो, तर त्यांनी धुऱ्यावरच, दोन वावरांमधल्या बांधावर, अडवलं. बुद्धवंदनेला नेसायची पांढरी साडी जुनी झाली की ताई तिचा मीटरभर तुकडा वावरासाठी राखून ठेवत. तो दोन ओळींच्या मध्ये अंथरायचा, झाडं त्यावर वाकवून झटकायची आणि पडलेल्या अळ्या मोजायच्या. अशा दहा जागा, त्याही वावराच्या आतल्या. फुलं येताना मीटरमागे सरासरी चार उंटअळ्या भरल्या तर फवारायचं, नाहीतर घरी जायचं.

पहिल्याच जागी मी "सहा!" म्हणून ओरडलो. ताईंनी वाकून पाहिलं. त्यातल्या तीन पांढऱ्या बुरशीने कडक होऊन कापडावर गळलेल्या पानांना चिकटल्या होत्या.

"भाऊ, ह्या मेल्या हायेत. मेल्याले काहून मारतं?"

"अन् बाकीच्या?"

"ह्यायचा रोग त्यायले लागू दे. चार दिवसानं पुन्हा मोजू."

चार दिवस मला चैन नव्हतं. पुन्हा मोजलं, तर कुठे एक, कुठे दोन. त्या हंगामात पंप तसाच पडून राहिला. माझा हिरमोडच झाला म्हणा ना!

ताई औषधाच्या विरोधात होत्या, असं गावात बोलतात. साफ खोटं. मोजणीत आकडा भरला की त्याही फवारत. एका वर्षी पावसाच्या झडीमुळे आठ दिवस वावरात पाय ठेवता आला नाही आणि अळीने त्यांच्या पिकाची चाळणी केली. भेटेल त्याला त्या स्वतःच सांगत, "मी मोजाले गेली नाही, अन् अळीनं खाल्लं. चूक माही हाय." एवढा मोकळेपणा मला कधी जमला नाही.

यंदा फुलं लागली आणि आजूबाजूला पंप सुरू झाले. मी घरातली जुनी पांढरी चादर फाडली. दहा जागा मोजल्या, खात्री वाटेना म्हणून पुन्हा दहा. मीटरमागे पाच, सगळ्या जिवंत. थांबलो असतो तर ताईंचा मान राखल्यासारखं वाटलं असतं, पण त्यांनी मला वेड्यात काढलं असतं. फवारलं. पंप धुताना डोळे भरून आले... आयुष्यात पहिल्यांदा कोणाला न विचारता ठरवलं होतं.

तेवढ्यात पलीकडचे राजाभाऊ धुऱ्यावर आले. शेजारी फवारतात म्हणून आपणही फवारायचं, हा त्यांचा वर्षानुवर्षांचा हिशेब. मला वाटलं, औषधाचं नाव विचारतील.

"आमच्या वावरातल्या कवा मोजून देता?" त्यांनी विचारलं.

मी चादर खांद्यावर टाकली. "चाला आताच. पण मोजसान तुमी."